दात बसवणारं माणूस पाहिजे

"आई, आधी एक ठरव. तुला गिऱ्हाईक हवंय की माणूस हवंय?" लेक फोनच्या पडद्यावरून विचारत होती. मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही एका जागी मिळत नाहीत गं." ती परगावी एका कंपनीत लोकांची दुकानं इंटरनेटवर मांडून देण्याचं काम करते, त्यामुळे या विषयात ती बोलते आणि मी ऐकते. एरवी मला गप्प बसवणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही.

आम्ही कवळ्या करतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचे साचे पाठवतात. त्यांच्यावर गुलाबी मेणाची कड उभी करायची, त्या मेणात एकेक दात बसवायचा, डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात घालून पाहायचं आणि पसंत पडलं की आम्ही पक्कं करून द्यायचं. यात दात बसवणं हेच खरं काम, बाकीचं कोणीही करू शकतं, असं आमचे हे म्हणतात. बाकीचं सगळं तीस वर्षं मीच करत आलेय.

हे म्हणजे माझा नवरा. धंद्यात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आता बरेच लोक यंत्रावर कवळ्या कापून घेतात, पण काही डॉक्टरांना अजून हाताने बसवलेले दात लागतात, कारण म्हाताऱ्या जबड्याचे चोचले यंत्राला कळत नाहीत. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई. आमच्याकडे साच्यांचे चार डबे आले तर त्यातले तीन त्यांचे असतात. त्यांनी हात काढून घेतला तर आमच्या दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दोन वर्षांपूर्वी यांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा, मग सही वाकडी यायला लागली, मग मेणातला दात जागेवर राहीना. आठ आठवडे हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. तेवढ्या दिवसांत आलेलं काम मी बसवलं. तीस वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं, काहीतरी उतरलं असणारच. डॉक्टरीणबाईंना फरक कळला नाही. मग हे उठले, दाढी केली आणि डबे पोचवायला लागले. तेव्हापासून दात मी बसवते आणि नाव त्यांचं चालतं. त्याबद्दल आम्ही एक अक्षर बोललेलो नाही. मी मेणाचा चाकू हातात घेतला की हे जिना उतरून खाली घड्याळवाल्याच्या दुकानात जाऊन बसतात. त्यांना बघवत नाही.

आणि आता माझे डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटीचा कागद समोर धरला तेव्हा मधल्या रेघा मला वितळल्यासारख्या दिसल्या. उजवा गेलाच आहे म्हणाले, डाव्याच्या मधोमध डाग धरतोय, सहा महिने, फार तर वर्ष. कडेकडेचं दिसत राहील. कडेकडेचं दिसून दात बसवता येत नाहीत, पण ते त्यांना काय सांगायचं. मी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन भांडी घासली.

हे मी कोणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही. यांना कळलं असतं तर यांनी त्याच दिवशी सगळे साचे परत पाठवले असते, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं, आणि या वेळी ते उठले नसते. म्हणून मला हात हवे होते. कोणाचेही, शिकवता येतील असे, डावा डोळा जायच्या आत. घरात मी सांगितलं की माझी कंबर धरते, मदतीला कोणीतरी घेऊ. हे म्हणाले, "चाललंय की आपलं." ज्याला काही माहीत नसतं त्याचं बरं चालतं.

लेकीने पहिल्यांदा फेसबुकवर पान काढून दिलं. खाली ठळक लिहिलं, दात बसवणारं माणूस पाहिजे, शिकवू. दोन दिवसांत माणसं गोळा झाली, पण सगळी बोळकी. कोणी आपल्या उघड्या तोंडाचा फोटो पाठवला आणि विचारलं, हे एवढं होईल का. एका आजोबांनी लिहिलं की त्यांची खालची कवळी बसमध्ये राहिली, कोणाला सापडल्यास कळवावे. यांचा शाळेतला एक मित्र चाळीस वर्षांनी उगवला आणि रोज सकाळी खुशाली विचारायला लागला. कामाला मात्र कोणी नाही. लेक म्हणाली, "तिथे म्हातारी माणसं जास्त, आई. ती तुझं गिऱ्हाईक आहेत, कारागीर नाहीत."

मग लिंक्डइन. तिथे नोकरी शोधणारी माणसं असतात म्हणे, सूटबूट घातलेली. अर्ज आले, आणि कसले अर्ज. एकाने लिहिलं की त्याला हास्याविषयी लहानपणापासून ओढ आहे. एका बाईंनी टूथपेस्टच्या जाहिरातींचं काम केलं होतं, त्यांना आमच्या धंद्याला दिशा द्यायची होती. एका पोराने फोनवर विचारलं, घरून काम करता येईल का. मी म्हटलं, "येईल की. जबडे पोस्टाने पाठवते." त्याला ते खरंच वाटलं, त्याने पत्ता दिला. फोन ठेवून मी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले, कारण तोवर दीड महिना गेला होता.

खरी जागा एकच होती आणि ती आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आसपासच्या चार-पाच शहरांतला दातांचा प्रत्येक कारागीर त्यात आहे. एक ओळ टाकली असती तर संध्याकाळपर्यंत माणूस मिळाला असता. पण त्याच ग्रुपमध्ये सगळे डॉक्टरही आहेत, आणि तो चालवतात डॉक्टरीणबाई. मास्तरांना दात बसवायला माणूस हवंय म्हटल्यावर त्या पहिला प्रश्न काय विचारणार? मी विषय काढला तेव्हा यांनी ताट पुढे सरकवलं. "त्या ग्रुपवर टाकलंस तर मी जिवंतपणी मेलो असं समज." मी पुन्हा विषय काढला नाही.

लेक म्हणाली, "मग व्हिडिओ करू. इन्स्टाग्रामवर लोकांना हात बघायला आवडतात. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि बाबांचा आवाज. ज्याला या कामाची खरी आवड आहे तो स्वतःहून येईल." ती हे अगदी सहज बोलून गेली. दात कोण बसवतं हे तिलाही माहीत नव्हतं.

मग आम्ही नवराबायकोने जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं. मी यांचा लांब बाह्यांचा करडा शर्ट घातला, बोटातली अंगठी काढून कपाटात ठेवली, बाह्यांची बटणं लावली. बोटांची काळजी नव्हती. प्लास्टरने ती कधीच खाल्लीत, ती बाईची की पुरुषाची हे आता मलाच सांगता येत नाही. फोन पुस्तकांच्या चळतीवर उभा केला. हे माझ्या शेजारी बसले, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि बोलायला लागले. सुळा कसा किंचित कलता ठेवायचा, समोरचे दोन दात अगदी सारखे बसवले की माणूस खोटा का दिसतो, म्हाताऱ्याचा दात थोडा झिजलेलाच का बसवायचा. काय बोलले हो. मी ऐकत बसवत गेले आणि मला वाटलं, हा माणूस परत आला. शेवटी ते थकून म्हणाले, "झालं. चांगला आलाय ना माझा हात?" मी म्हटलं, चांगला आलाय.

व्हिडिओ पळाला. बघणारे हजारांनी, खाली कौतुकाचा पाऊस. असे हात आता होणे नाही, वगैरे. एकीने लिहिलं, मला झोप येत नाही तेव्हा मी हे लावते, लगेच डोळा लागतो, अजून टाका ना. लोक झोपत होते आणि मी जागी होते. कामाला यायचं नाव कोणी काढेना. उलट डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मास्तर, अजून काय हात चालतो हो तुमचा!" आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी दुप्पट डबे पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या ओळखीचे आणखी दोन डॉक्टर आले. कामाला माणूस मागायला गेलो आणि पदरात काम पडलं.

पुढचे चार महिने कसे काढले ते माझं मला माहीत. सरळ बघितलं की दात नाहीसा व्हायचा, म्हणून मान वळवून कडेने बघायचं आणि बाकीचं बोटाने चाचपायचं. वर्तमानपत्र मी नुसतं हातात धरून बसायची. दोन कवळ्या परत आल्या, समोरच्या दोन दातांमधली रेघ सरकली म्हणून. यांनी डॉक्टरीणबाईंच्या मापाला दोष दिला, तावातावाने दिला, आणि मी मान डोलावली. मला माझीच घृणा वाटली. पण तिसरी परत आली की संपलं, हे एवढंच डोक्यात घोळायचं.

आणि मग ती आली. आधी तिने इन्स्टाग्रामवर निरोप पाठवला होता, मी तो लेकीकडून वाचून घेतला. एका मोठ्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काम, हाताने दात बसवायला शिकली होती, पण आता तिथे सगळं यंत्रावर, ती फक्त बटणं दाबते. शिकवाल का? लेकीने लगेच बोलावून घेतलं.

सकाळी दहाला दारात उभी राहिली. पस्तिशीची, पाठीवर सॅक, चपला बाहेर नीट जोडून काढलेल्या. मला ती दारातच आवडली. आत आल्यावर तिने आधी आमच्याकडे नाही, खिडकीखालच्या बाकाकडे पाहिलं. "व्हिडिओतला हाच ना?" म्हणाली. मग यांच्याकडे वळली. "मास्तर, मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल त्याला हिशोब नाही. तुम्ही सुळा बसवायच्या आधी एकदा थांबता. करंगळीशेजारचं बोट मेणावर टेकवता, आणि मग बसवता. आमच्याकडे असं कोणी शिकवलं नाही. ते थांबणं मला शिकायचंय. मी राजीनामा देऊन आलेय."

ते थांबणं माझं होतं. मला मेणाची कड दिसत नव्हती म्हणून मी ती बोटाने शोधत होते. ती ज्याच्यासाठी नोकरी सोडून आली होती ते माझं आंधळेपण होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला यांचा हेवा वाटला, कारण ती बघत होती यांच्याकडे.

हे फुलून गेले होते. इतक्या दिवसांनी कोणीतरी समोर उभं राहून मास्तर म्हणत होतं, ते सुद्धा त्याच धंद्यातलं माणूस. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "बसा. दाखवतो."

मी म्हटलं, "अहो, आधी चहा तरी." त्यांनी ऐकलं नाही. बाकावर बसले, बर्नर पेटवला, चाकू तापवला. मला वाटतं त्यांना त्या घटकेला खरंच वाटत होतं की हात चालेल. चाकू मेणावर आला आणि खडखडायला लागला. मेणाचे थेंब साच्यावर, बाकावर, त्यांच्या बाहीवर. डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही थरथरले. चिमटीतला दात निसटून जमिनीवर गेला. मी वाकले, तो मला सापडेना. तिने उचलून दिला.

हे उठले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"ते हात हिचे आहेत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. माझं नुसतं तोंड चालतं."

एवढं वाक्य बोलायला या माणसाला किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. जी गोष्ट बाहेर आली तर जिवंतपणी मेलो समज म्हणायचा ती त्याने एका परक्या बाईसमोर सांगून टाकली, आपला धंदा तरावा म्हणून. माझे डोळे भरून आले, आणि आधीच जे थोडं दिसत होतं तेही गेलं.

तिने एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. चिडली नाही. "मग काकू, तुम्ही दाखवता?" म्हणाली.

मी बसले. काय करणार होते? मनात म्हटलं, बोटांनो, आज एवढं निभावून न्या. समोरचे सहा दात. मान थोडी वळवली, बोटाने कड चाचपली, थांबले, बसवला. पुढचा. खोलीत फक्त बर्नरचा आवाज होता. माझ्या बोटांना सगळं सारखं लागत होतं. सहावा बसवून मी चाकू खाली ठेवला तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, जमलं.

तिने साचा उचलला, काचेच्या पट्टीवर टेकवून पाहिला, उजेडाकडे धरला.

"काकू," ती हळू म्हणाली, "सुळ्यांची अदलाबदल झालीय. डावा उजवीकडे बसलाय."

ही चूक शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या आठवड्यानंतर करत नाही. हे पुढे आले. साचा त्यांच्या हातात थरथरत होता, पण डोळे त्यांचे शाबूत आहेत. त्यांनी पाहिलं. मग साचा बाकावर ठेवला, माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं.

"माझ्याकडे बघ," म्हणाले. "सरळ बघ."

मी सरळ पाहिलं. कान दिसले, खांद्याच्या कडा दिसल्या, मागची खिडकी दिसली. जिथे त्यांचं तोंड असायला हवं तिथे करडा डाग होता.

"किती दिवस?"

"व्हिडिओच्या आधीपासून," मी म्हटलं.

मागे तिने सॅक उचलल्याचा आवाज आला. "मी जाते," ती म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता, आणि तिचं काय चुकलं होतं? "राग नाही काकू. पण मला रोज करून दाखवणारं कोणीतरी हवं होतं. आणि इथे एकातून दुसरं निघतंय. उद्या अजून काय निघेल?" मला तिला थांबवायचं होतं. पायऱ्या उतरल्याचा आवाज ऐकत मी तशीच बसून राहिले, कारण थांब म्हणून तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

मी यांना म्हटलं, आता ओरडा माझ्यावर. हे ओरडले नाहीत. माझा फोन मागितला. "तो ग्रुप काढ," म्हणाले.

मी म्हटलं, "नको. डॉक्टरीणबाई आहेत त्यात."

"म्हणूनच. त्यांना माहीत नसताना त्यांच्या पेशंटच्या तोंडात असले सुळे जाणार का? आणि माणसं असतील तर तिथेच आहेत."

मला अक्षरं दिसत नव्हती आणि त्यांना बटणं दाबता येत नव्हती, म्हणून बोलून पाठवायचं ठरलं. बोलताना बटण दाबून धरावं लागतं. दोनदा त्यांचा अंगठा घसरला आणि निरोप अर्ध्यावर तुटला. तिसऱ्या वेळी मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मी मास्तर बोलतोय. दोन वर्षं माझे हात चालत नाहीत. या दोन वर्षांत तुमच्याकडे आलेली प्रत्येक कवळी माझ्या बायकोने बसवलेली आहे. चांगल्या गेल्या त्या तिच्यामुळे. परत आल्या त्या, तिची नजर जातेय म्हणून. हे मला आज कळलं. आम्हाला दात बसवणारं माणूस पाहिजे. शिकवायला आमच्याजवळ माझं तोंड आहे आणि तिची बोटं आहेत, ती आहेत तोवर. येणार असाल तर लवकर या."

अंगठा उचलला आणि निरोप गेला. आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. थोड्या वेळाने तो वाजला.

"कोणाचं?" मी विचारलं.

"कोणीतरी हात जोडलेत." पुन्हा वाजला. "फूल." पुन्हा वाजला. या वेळी यांनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

"वाचा ना."

"डॉक्टरीणबाईंचं आहे. संध्याकाळी ड्रायव्हर येतोय. साचे परत मागितलेत."

"सगळे?"

"सगळे."

मी उठले आणि डबे गोळा करायला लागले. झाकणं कुठे ठेवलीत ते सुचेना. हात लागेल ते झाकण लागेल त्या डब्यावर ठेवत होते. यांनी माझ्या दंडाला धरून मला थांबवलं आणि परत खुर्चीवर बसवलं. शेजारी स्टूल ओढून स्वतः बसले, बर्नर पेटवला, सुळे उलटे बसलेला साचा माझ्यापुढे सरकवला.

"ड्रायव्हर यायला अजून वेळ आहे," म्हणाले. "हा असा परत जायला नको. डावीकडचा आधी काढ."

मी चाकू घेतला, पण हात उचलेना. सवयीने मी सरळ बघायचा प्रयत्न करत होते, त्यांच्यासमोर आता तरी नीट दिसावं म्हणून.

"सरळ बघू नकोस," हे म्हणाले. "तुला जसं दिसतं तसं बघ."